राईडच्या नकाशावर सरळ रेघ येते तेव्हा

लवासाहून सायकलनं परतलो, उरलेलं पाणी संपवलं आणि रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये राईड सेव्ह करायला फोन हातात घेतला. नकाशावर चांदणी चौक होता, भूगाव होतं, पिरंगुटही होतं. तिथून पुढे मात्र एक सरळ निळी रेघ डोंगर कापत, लोकांच्या भातखाचरांवरून थेट टेमघर धरणापाशी गेलेली. मुठा खिंडीतला सगळा घाम हिशेबातून गायब. शंभरी गाठणारी राईड एक्याण्णव किलोमीटरवर आटोपली होती.

असं होण्याची ही तिसरी वेळ. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला की ठरलेलं उत्तर येतं, ‘जीपीएस गंडलं असेल.’ मीही आधी तेच मानून फोन रीस्टार्ट करत होतो. पण जीपीएस गंडलं तर रेघ थरथरते, वेडीवाकडी होते, शेजारच्या गल्लीत उडी मारते. पट्टीनं आखल्यासारखी रेघ आली की समजायचं, ॲपनं पिरंगुटला डोळे मिटले, टेमघरला उघडले आणि दोन टोकं जोडून दिली.

खात्री करायची असेल तर राईडची जीपीएक्स फाइल एक्सपोर्ट करून नोटपॅडमध्ये उघडा. आत साधा मजकूर असतो: एकेका बिंदूचा अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. वेळ ग्रीनिचची असते, आपल्या साडेपाच तास मागे. हे लक्षात नसेल तर आपण मध्यरात्री सायकल हाणत होतो की काय असं वाटतं. माझ्या फाइलमध्ये ०१:४८:३१ पर्यंत दर सेकंदाला एक बिंदू होता आणि त्याच्या पुढचा बिंदू थेट ०३:०६:०९ चा. साडेपाच तास मिळवले की सकाळचे ७:१८ आणि ८:३६. ७:१८ ला मी पिरंगुटच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. ८:३६ ला धरणाचा फोटो काढायला फोन बाहेर काढला आणि सहज ॲप उघडून पाहिलं होतं. म्हणजे मी बघितलं तेव्हा ते जागं झालं.

झोपवतं कोण

अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत, २०१५ साली, फोन नुसता पडून असला की मागे चालणारी ॲप झोपवायची सोय आली. २०१७ च्या आठव्या आवृत्तीनं पडद्याआडच्या ॲपला ठिकाण विचारायचं रेशनच लावलं, तासाला मोजून काही वेळा. यातून सुटायचं तर ॲपला वर एक नोटिफिकेशन लावून ‘मी काम करतोय’ असं उघड सांगावं लागतं. रेकॉर्डिंग चालू असताना वर चिकटून बसलेलं ते नोटिफिकेशन यासाठी असतं. बरेच जण कटकट म्हणून ते लपवतात. राहू द्या. ॲप जिवंत आहे की मेलं हे लॉक स्क्रीनवर एका नजरेत कळायची दुसरी सोय नाही.

गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण खोक्यावर ‘दोन दिवस बॅटरी’ छापता यावं म्हणून कित्येक कंपन्या अँड्रॉइडच्या वर आपला आणखी एक पहारेकरी बसवतात. त्यामुळे सेटिंग दोन ठिकाणी असतं. एकाच्या तावडीतून ॲप सोडवलं की दुसरा धरतो. माझ्या पहिल्या दोन रेघा याच गोंधळातल्या.

पहिल्यासाठी ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरा, ‘ॲप इन्फो’मध्ये जा, तिथं ‘बॅटरी’. ‘ऑप्टिमाइझ्ड’ असेल ते ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. दुसऱ्याचं नाव प्रत्येक कंपनीनं वेगळं ठेवलंय. सेटिंग्जच्या सर्चमध्ये ‘ऑटोस्टार्ट’, ‘बॅकग्राउंड’, ‘स्लीपिंग’ हे शब्द एकेक करून टाकून पाहा. त्यातून जी यादी निघेल तिच्यात आपल्या ॲपला मोकळीक द्या. आणि सिस्टिम अपडेट आलं की दोन्ही ठिकाणी परत डोकावा. अपडेटनंतर काही फोन हे सगळं निमूटपणे मूळपदावर आणतात. तीन आठवडे सुरळीत चाललेलं चौथ्या रविवारी अचानक बिघडलं तर मी आधी तेच बघतो.

मग लोकेशनची परवानगी. ‘अलाउ ऑल द टाइम’ निवडा. नीट लिहिलेलं ॲप ‘ओन्ली व्हाइल युझिंग’वरही चालतं, पण प्रत्येक ॲप नीट लिहिलेलं असतंच असं नाही. त्याच पानावर ‘प्रिसाइज लोकेशन’चं बटण असतं, आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून. ॲप नवीन टाकताना घाईत ‘ॲप्रॉक्झिमेट’वर बोट पडलं तर फोन ॲपला तुमचा रस्ता सांगत नाही, फक्त साधारण भाग सांगतो. अशा राईडचा नकाशा म्हणजे शहरभर विखुरलेले चार-पाच ठिपके. तो पाहिला की दुसरं काही तपासायची गरज नाही.

बॅटरी सेव्हरचा दोष ओळखायला सगळ्यात सोपा. रेघ नेहमी राईडच्या उत्तरार्धातच तुटते. बॅटरी १५ किंवा २० टक्क्यांवर आली की सेव्हर आपोआप सुरू होतो, आणि अनेक फोनांत तो सुरू असताना स्क्रीन बंद झाली की लोकेशनही बंद. हे ‘आपोआप’ निदान राईडच्या दिवशी काढून टाका.

हे सगळं करूनसुद्धा माझी तिसरी रेघ आलीच. मग पिरंगुटला मी नेमकं काय केलं ते आठवत बसलो. टपरीवर यूपीआयनं पैसे द्यायचे होते आणि फोन अडकत होता. म्हणून सवयीनं उघड्या ॲपची यादी काढली आणि खालचं ‘क्लिअर ऑल’ दाबलं. फोन हलका झाला, पैसे गेले, आणि त्या झाडूबरोबर रेकॉर्डिंगही गेलं. गुन्हेगार माझाच अंगठा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत त्या यादीतल्या ॲपवर बोट दाबून धरलं की कुलूप किंवा ‘कीप ओपन’सारखा पर्याय येतो. तो लावला की ‘क्लिअर ऑल’ त्या ॲपला शिवत नाही. आयफोनवर अशी सोय नाही, तिथं ॲप वर ढकलून बंद केलं की रेकॉर्डिंग थांबलंच. तेव्हा हात आवरायचा.

दुरुस्ती झाली की नाही हे बघायला शंभर किलोमीटर जायची गरज नसते. संध्याकाळी रेकॉर्डिंग सुरू करा, फोन लॉक करून पिशवीत टाका, मंडईत जाऊन भाजी आणा. वाटेत फोनला हात लावायचा नाही. अर्ध्या-पाऊण तासात रेघ अखंड आली तर रविवारी बहुतेक येईलच.

रेघेचे बाकी आकार

एका जागी काढलेला गिचमिड गोळा म्हणजे तुमची मिसळ. मोकळ्या आकाशाखालीही फोनचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतं, पत्र्याच्या शेडखाली त्याहून बरंच जास्त. तुम्ही बाकावर बसून तर्री मागवताय तेव्हा फोनच्या मते तुम्ही दुकानाला प्रदक्षिणा घालताय. माझ्या नावावर असे सहा-सातशे मीटर पुष्कळदा जमा झालेत. थांबल्यावर हातानं पॉज करा.

ऑटो-पॉज लावून ठेवावं असं कुणी सुचवेल. सपाटीवर ठीक आहे. सिंहगडावर मात्र ते दगा देतं. शेवटच्या चढांवर माझा वेग पाच-सहाच्या वर जात नाही, त्यात नागमोडी चढवायची सवय. ॲपला वाटतं, गडी थांबला. मग वेळ मोजणं थांबतं, पुढच्या वळणावर सुरू होतं, पुन्हा थांबतं. घरी आल्यावर सरासरी पाहून मन प्रसन्न होतं, पण तो आकडा खोटा असतो. गडावर जाताना ऑटो-पॉज बंद.

सुरुवातीचा पहिला अर्धा किलोमीटर शेजारच्या इमारतींमधून गेलेला दिसत असेल तर दोष पार्किंगचा. स्लॅबखाली उभं राहून ‘स्टार्ट’ दाबलं की फोन वायफाय आणि टॉवरवरून अंदाज बांधतो. गेटबाहेर या, मोकळ्या आकाशाखाली अर्धा मिनिट थांबा, मग दाबा. डेटा चालू असेल तर उपग्रहांची माहिती नेटवरून लगेच मिळते. डेटा बंद असला तर तीच माहिती उपग्रहाकडून उतरायला अर्धा मिनिट आणि वर लागतो. कमाल वेग ९४ वगैरे दिसणं हासुद्धा याच कुळातला आजार: एक बिंदू चुकून लांब पडला, पुढच्या सेकंदाला परत आला. तो स्क्रीनशॉट टाकून मिरवू नये.

उंचीचा घोळ

यावर ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त भांडणं होतात. मरिन ड्राइव्हवर उभं राहून काही ॲप उघडलं की उंची उणे साठच्या आसपास दिसते, आणि माणूस फोन खराब म्हणून मोकळा होतो. फोन धडधाकट असतो. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीचा जो गुळगुळीत, गणिती आकार धरलाय त्याच्यापासून. समुद्रसपाटी तशी गुळगुळीत नाही. गुरुत्वाकर्षण जागोजागी कमीजास्त असल्यामुळे ती कुठे फुगते, कुठे खोल जाते. जगातला सगळ्यात मोठा खळगा आपल्या दक्षिणेला, श्रीलंकेच्या खाली हिंदी महासागरात आहे, सुमारे १०६ मीटरचा. त्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. त्यामुळे मुंबई-पुण्याकडे हा फरक साठ-सत्तर मीटरचा पडतो. चांगली ॲप तो मिळवून घेतात, काही घेत नाहीत.

तपासायला सोपी जागा म्हणजे रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी. नावाच्या खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, पुणे स्टेशनच्या पाटीवर ५६० मीटर. तिथं ॲप पाचशेच्या आत काही दाखवत असेल तर खळगा मिळवायचा राहिलाय. यानं चढाईच्या बेरजेत फरक पडत नाही, कारण पायथा आणि माथा दोन्ही सारखेच खाली गेलेले असतात.

चढाईची बेरीज चुकते ती निराळ्या कारणानं. जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. सोलापूर रस्त्यासारख्या सपाटीवरही आकडा सारखा वरखाली होतो आणि ॲप प्रत्येक ‘वर’ची बेरीज करत बसतं. ज्या फोनात बॅरोमीटर असतो तो हवेच्या दाबावरून चढ मोजतो, तो बरा. दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात, आणि पुण्याच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे अंदाजे नऊ मीटर. पण मे महिन्यात दुपारी वळवाचं आभाळ भरून आलं आणि दाब तीन हेक्टोपास्कलनं उतरला, तर जागच्या जागी उभे राहून तुम्ही पंचवीसेक मीटर चढता. आणि फोन घट्ट झिपच्या पाऊचमध्ये असेल तर आत अडकलेल्या हवेचा दाब मोजला जातो. त्याला काहीच अर्थ नाही.

राईड अपलोड केल्यावर ‘उंची दुरुस्त करा’ असं बटण काही ठिकाणी मिळतं. ते नकाशातल्या भूरचनेवरून उंची घेतं. सपाटीवर छान चालतं. घाटात रस्ता कड्याच्या पोटातून जात असतो, रेघ दहा मीटर आडवी सरकली की उंची एकदम दरीतली नाहीतर माथ्यावरची. ताम्हिणीची राईड मी त्यानं कधीच दुरुस्त करत नाही. सिंहगडाचा चढ पायथ्यापासून गाडीतळापर्यंत सहाशे मीटरच्या घरातला आहे. तुमच्या फोननं नऊशे दाखवले तर खुशाल शंका घ्या.

हँडलवर की खिशात

फोन हँडलवर लावून स्क्रीन सतत चालू ठेवायची हौस सगळ्यांना एकदा असते. भर उन्हात ब्राइटनेस पूर्ण लागतो आणि माझ्या फोनची बॅटरी तासाला पंधरा ते वीस टक्के उतरते. स्क्रीन बंद करून नुसतं रेकॉर्डिंग केलं तर चार-पाच टक्के. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राईडला, साडेतेरा तास असतात, हिशेब तुम्हीच करा. १०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे हातात दहा हजार येत नाहीत. तो आकडा ३.७ व्होल्टचा. पाच व्होल्टला चढवताना आणि केबलमध्ये जाऊन सहा-साडेसहा हजार उरतात.

एप्रिलमधला त्रास वेगळा. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंशांची हवा सांगते आणि आपल्याकडे सकाळी अकरालाच ती ओलांडलेली असते. काळ्या कव्हरमधला फोन उन्हात तापला की स्क्रीन आपोआप मंद होते, मग चार्जिंग थांबतं, मग फोन हात टेकतो. कव्हर काढा, चार्जिंग करायचंच तर सावलीत थांबल्यावर करा. तापलेला फोन रसवंतीच्या बर्फावर ठेवणारा एक मित्र आहे माझा. आत दव धरलं आणि चार्जिंगच्या पोर्टनं दिवसभर ओलाव्याची तक्रार केली.

हादऱ्यांबद्दल विचारलं जातं. ॲपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये इशारा दिला होता तो मोटरसायकलसाठी: इंजिनच्या थरथरीनं कॅमेऱ्यातली लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. सायकलला इंजिन नाही, तरी आपल्याकडचे खड्डे पाहता मी नुसत्या रबरी पट्ट्यांच्या माउंटवर महागडा फोन ठेवणार नाही. स्क्रूनं आवळायचा माउंट आणि वरून सुरक्षेची दोरी, एवढं तरी हवं.

मी आता फोन जर्सीच्या मागच्या खिशात ठेवतो, स्क्रीन अंगाकडे, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत. जीपीएसला पाठीचा फारसा अडथळा होत नाही. ताम्हिणीत किंवा वरंध्यात, जिथं रेंज जातयेत असते, तिथं टॉवर शोधण्यात फोन बॅटरी जाळत बसतो. सोबत कुणी असेल तर मी तिथं फ्लाइट मोड लावतो. जीपीएस त्यातही चालतं, कारण ते फक्त ऐकत असतं. एकटा असलो तर लावत नाही, घरचे फोन लागत नाही म्हणून काळजीत पडतात.

सेन्सर सापडत नाही

वेग आणि केडन्सचे (मिनिटाला पायडलचे किती फेरे ते मोजणारे) सेन्सर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन जोडू नका. बहुतेक गडबड तिथंच होते. ॲपच्या आतून जोडा. आधी सेटिंगमधून जोडलेला असेल तर तिथं ‘फर्गेट’ करा. सेन्सर आधीच दुसऱ्या फोनला किंवा घड्याळाला लागलेला असेल तर तुमच्या फोनला तो दिसणारच नाही. ब्लूटूथवर बरेच सेन्सर एका वेळी एकाशीच बोलतात. हे दोन्ही नसेल तर आतला सीआर २०३२ चा सेल बदला.

वेगाचा सेन्सर चालू झाला पण किलोमीटर जुळत नाहीत, तर चाकाचा घेर चुकलाय. ७०० × २३ च्या टायरला २०९६ मिलिमीटर धरतात, ७०० × २८ ला २१३६. टायर बदलून आकडा तोच ठेवला तर शंभर किलोमीटरमागे जवळजवळ दोन किलोमीटर जातात. तक्त्यावर विसंबण्यापेक्षा मोजा. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, सीटवर बसा आणि भिंतीला एक हात टेकत सायकल सरळ पुढे न्या. चाकाचे तीन पूर्ण फेरे होऊन व्हॉल्व्ह खाली येईल तिथं दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजून तीननं भागा. सीटवर बसणं महत्त्वाचं, आपल्या वजनानं टायर दबतो आणि घेर काही मिलिमीटरनं घटतो. या सेन्सरचा खरा उपयोग कात्रजच्या जुन्या बोगद्यात कळतो. आत जीपीएस मिळत नाही, पण चाक मोजलं जातच राहतं.

पावसाळ्यात टचस्क्रीनचं काही चालत नाही. थेंब पडला तरी तिला बोट वाटतं, आणि ओल्या खिशातसुद्धा स्क्रीन जागी होऊन रेकॉर्डिंग थांबलेलं मी पाहिलंय. ‘डबल टॅप टू वेक’ आणि फोन उचलला की स्क्रीन उजळायची सोय, दोन्ही जूनमध्ये बंद करून टाका.

गेलेल्या राईडचं काय करायचं? ‘डिस्कार्ड’ दाबू नका, अर्धी असली तरी सेव्ह करा. सोबत असलेल्याकडून त्याची जीपीएक्स मागा. मजकुराचीच फाइल असते, त्यामुळे वेळ जुळवून मधला तुकडा आपल्या फाइलमध्ये घालता येतो. माझ्या पिरंगुट ते टेमघरचा तुकडा मित्राच्या फाइलमधून आला. खिंडीत तो माझ्या चार मिनिटं पुढे होता, आणि आता माझ्या नोंदीतही ती चार मिनिटं वाचलेली आहेत. त्याला हे अजून सांगितलेलं नाही.